आरसा निवेपर्यंत

चैत्रातली संध्याकाळ. पसरणीच्या घाटावर सूर्य टेकला, आणि टेकता टेकता विरघळला. त्याचे केशर कड्याकड्यांवरून ओघळत दरीत आले, कृष्णेच्या पात्रात मिसळले, आणि वाईचे सारे घाट, साऱ्या पायऱ्या, सारे कळस घटकाभर त्या केशरात न्हाले. मग केशराचे तांबडे झाले, तांबड्याचे जांभळे झाले, आणि जांभळ्याच्या काठावर, अगदी माथ्यावर, एक फिकट, पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका उमटला.

शनी.

मंदगामी, मितभाषी, दीर्घस्मृती शनी. पुष्याच्या चांदण्यांत बसलेला, कुणाचीही घाई नसलेला.

गच्चीवर कुमुदिनी त्याची वाट पाहत उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, केसांत रुपेरी पट्टा असलेली बाई. शेजारी लाकडी चौकटीत टेकलेली लांब दुर्बीण; दुर्बिणीच्या तळाशी तिच्या धाकट्या भावाने, अच्युतने, स्वतःच्या हातांनी घासलेला आरसा. आणि डोळा लावायच्या जागी, फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत बसवलेला, पुढचे भिंग काढून टाकलेला एक वेबकॅम. त्याची काळी वायर फरशीवरून सरपटत संगणकाकडे गेली होती.

लोक आकाशाकडे भक्तीने पाहतात, कुतूहलाने पाहतात, प्रेमात पडल्यावर पाहतात. कुमुदिनी वैराने पाहत होती.

वैर शनीशी नव्हते. वैर त्र्यंबक राजोपाध्ये या माणसाशी होते.

*

अच्युत आणि त्र्यंबक एका शाळेतले, एका बाकावरचे. अच्युत पुढे पाटबंधारे खात्यात अभियंता झाला. त्र्यंबक वकील झाला, मधुरवाणी, मृदुहास्य, सभा जिंकणारा वकील. दोघांनी मिळून गावात आकाशवेड्यांचा एक संघ काढला, त्याला ‘ध्रुवमंडळ’ नाव दिले. त्र्यंबकने परदेशातून झगझगीत दुर्बीण मागवली. अच्युतने काचेची एक जाड तबकडी आणली.

ती तबकडी त्याने घासली. पडवीत एक पिंप उभे केले, त्यावर काच ठेवली, काचेवर कुरुंदाची भुकटी आणि पाणी, आणि वर दुसरी काच. घासायचे, एक पाऊल सरकायचे, पुन्हा घासायचे. पिंपाभोवती त्याची प्रदक्षिणा चालू असे, संध्याकाळमागून संध्याकाळ, ऋतूमागून ऋतू. घरभर तो आवाज असे. दळणासारखा, समुद्रासारखा, लांबवरच्या पावसासारखा. त्याची बायको वृंदा त्या आवाजावर स्वयंपाक करी. माहेरच्याच घरात राहणारी कुमुदिनी त्या आवाजावर दवाखान्यातून आल्यावर डोळे मिटून पडे.

मग भुकटी बारीक झाली, आवाज बारीक झाला, आणि एके दिवशी आवाज थांबला. पुण्याहून मुलामा चढवून आलेला आरसा अच्युतने मांडीवर घेतला, नवजात मुलीला घ्यावे तसा, आणि म्हणाला, “ताई, यात बघू नकोस. यातून बघ.”

त्या आरशातून तिने शनी पहिल्यांदा पाहिला. काळ्या पोकळीत अधांतरी लटकलेला सोनेरी मणी, मण्याभोवती कडे, आणि कड्याच्या अंगात केसाएवढी एक काळी फट. ती काही बोलली नाही. अच्युतही बोलला नाही. बोलण्याची गरज नसलेले ते त्यांच्या घरातले फार मोठे सुख होते.

*

आणि मग तो मेळावा आला.

शाळेचे मैदान, मंडप, माइक, गावातली माणसे, मुले, पाहुणे. ध्रुवमंडळाच्या साऱ्या दुर्बिणी रांगेने मांडलेल्या. अच्युतची दुर्बीण टेम्पोतून आली, वैशाखाच्या उन्हात तापलेल्या टेम्पोतून; उतरवली, उभी केली, आणि पहिला डोळा लावला तो अध्यक्षांनी. त्र्यंबक राजोपाध्यांनी.

त्यांनी पाहिले. मान वर केली. हसले. आणि माइक हातात घेऊन, गोड, घोळवलेल्या आवाजात, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाले, “अच्युतराव, हा आरसा देवघरात ठेवा. ताम्हण म्हणून छान चालेल.”

मैदान हसले. मंडप हसला. त्यानंतर जो जो डोळा लावी, त्याला शनी उकळत्या दुधासारखा फसफसताना दिसे, आणि तोही हसे.

कुमुदिनी त्या दिवशी कामावर होती. क्ष-किरण काढणे हे तिचे काम. अंधाऱ्या खोलीत, माणसांच्या आतल्या सावल्यांशी. ती घरी आली तेव्हा अच्युत पडवीत बसला होता आणि आरसा आईच्या जुन्या मलमलीत गुंडाळत होता. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी. प्रेताला गुंडाळतात इतक्या हळुवारपणे.

त्यानंतर अच्युतने आकाशाकडे पाहिले नाही. अंगणात उभा राहिला तरी मान खाली. कोजागरीला दुधाच्या वाटीत चंद्र पडला, तर त्याने वाटी हलवली. कुणी सांगेल, एवढ्यातेवढ्या थट्टेने कुणाचे असे होते का. होते. ज्याने आयुष्यभर एकच गोष्ट मन लावून केली, त्याचे होते. दोन पावसाळे गेले आणि एका दुपारी, कचेरीतल्या खुर्चीत, त्याचे हृदय थांबले.

त्र्यंबक राजोपाध्ये भेटायला आले. पांढरेशुभ्र कपडे, जोडलेले हात, ओलावलेला आवाज. “छंद दांडगा होता बिचाऱ्याला,” ते म्हणाले.

बिचाऱ्याला.

तो एक शब्द कुमुदिनीच्या काळजात शिरला, आणि तिथे राहिला. काटा काढता येतो. हा काटा नव्हता, हे बी होते. ते रुजले. त्याला अंकुर फुटला, पाने आली. ती उठताबसता त्याला पाणी घालत राहिली, आणि वेल वाढत वाढत तिच्या सगळ्या अंगभर पसरली.

*

तिने मलमल सोडली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी.

ध्रुवमंडळाचे दरसाल प्रदर्शन भरे, आकाशचित्रांचे. सर्वोत्तम चित्र राजोपाध्ये निवडत, आणि निवडताना भरभरून बोलत. कुमुदिनीने ठरवले: याच आरशातून शनीचे चित्र काढायचे. असे काढायचे, की त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, त्याच गोड आवाजात, त्याची स्तुती करावी. आणि मग नाव सांगायचे.

डोळ्याला क्षणभर दिसते ते कागदावर आणणे सोपे नव्हते. ती एकटीच शिकली. वेबकॅम ग्रहाचे एक चित्र घेत नाही, चलत्‌चित्र घेतो. त्यात हजारो चित्रे असतात, आणि बहुतेक सारी थरथरलेली. हवा हलते, ग्रह हलतो. पण त्या हजारांत काही थोडी चित्रे अशी निघतात, जेव्हा हवा निमिषमात्र निश्चल झालेली असते. संगणक तेवढीच वेचतो, एकावर एक रचतो, आणि त्या राशीतून ग्रहाचा खरा चेहरा वर येतो.

तिने घेतली. संध्याकाळमागून संध्याकाळ घेतली. पृथ्वी फिरे, शनी चौकटीतून सरकत जाई. ती बोटाने दुर्बीण ढकली, तो पुन्हा येई, पुन्हा जाई. तिने वेचले, रचले, निरखले. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर उमटला तो एक सुजलेला, पिवळा, कडा फुटलेला गोळा. कडे होते, पण फट नव्हती. उकळते दूध होते. फसफसणारे, खदखदणारे, तेच ते दूध.

आणि मग, एका संध्याकाळी, तिच्या मनात तो प्रश्न आला. इतके दिवस उंबऱ्याबाहेर उभा असलेला, तिने आत न घेतलेला प्रश्न.

तो माणूस खरे बोलला असेल तर? आरसा खरोखरच ताम्हण असेल तर? पहिल्या वेळी दिसलेली ती काळी फट भावावरच्या मायेनेच दाखवली असेल तर?

लहानपणापासून अच्युतच्या प्रत्येक गोष्टीवर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आता डोळे उघडून ठेवता येत नव्हता. ती खाली गेली. स्वयंपाकघरात वृंदा चहा गाळत होती.

“नाही जमत?” वृंदाने विचारले.

“उकळतोय नुसता. आत्ताच खोलीतून वर नेली दुर्बीण, नीट जुळवली, तरी—”

“खोलीतून?” वृंदाने कप खाली ठेवला. “पश्चिमेच्या? दिवसभर भट्टी होते तिची. वन्सं, ते असं नव्हते करत. आधी आरसा निवायला ठेवायचे. पडवीत, ओल्या फरशीवर. काच गरम असली की तिच्या अंगावरची हवा हलते म्हणायचे. मी जवळनं गेले तरी ओरडायचे.”

कुमुदिनी भिंतीला टेकली.

“त्या मेळाव्याच्या दिवशीही म्हणाले होते,” वृंदा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, फार वापरून झिजलेल्या पायरीसारखा. “मी शेजारीच उभी होते. म्हणाले, ‘त्र्यंबक, थोडा थांब, टेम्पोत तापलाय. आरसा निवू दे.’”

“मग? ते काय म्हणाले?”

“काही नाही. हो म्हणून मान हलवली. आणि माइक घेतला.”

चहावर साय धरली. कुणी कप उचलला नाही.

म्हणजे अज्ञान नव्हते. चूक नव्हती. तापलेल्या काचेतून शनी उकळतो, हे त्या माणसाला ठाऊक होते; सांगितले होते; ऐकले होते. आणि तरी.

कुमुदिनीच्या आत इतकी वर्षे जे पेटलेले होते, ते त्या क्षणी विझले नाही. ते थंड झाले. लोखंड थंड होते तसे. तापलेले असताना वाकते, थंड झाल्यावर कापते.

*

धोम धरणाचे पाणी संध्याकाळी निजल्यासारखे होते. डोंगर त्यात उलटे झोपलेले, आकाश त्यात उताणे पडलेले. गच्चीची फरशी दिवसभराचे ऊन ओकत बसते. पाणी तसे करत नाही. पाण्यावरची हवा समंजस असते, हे तिला आता समजले होते.

वृंदा गाडी चालवी. दोघी दुर्बीण काठच्या गवतावर उभी करत, आरसा उघडा ठेवत, आणि उन्हे कलल्यापासून गप्प बसून राहत. काठावर टिटवी ओरडे. म्हशी पाण्याबाहेर येत, अंग झाडत, घरी जात. आरसा निवत राही.

“वन्सं,” एकदा वृंदाने विचारले, “तुम्हाला शनी हवाय, की राजोपाध्ये?”

“राजोपाध्ये,” कुमुदिनी म्हणाली. वृंदाने मान डोलावली, आणि डब्यातली दशमी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

पहिल्या संध्याकाळी ढग आले. नंतरच्या संध्याकाळी वारा आला. वेबकॅमवर धूळ बसली, वायर सैल झाली, एकदा सगळे घेऊन झाल्यावर लक्षात आले की चित्र किंचित अस्पष्टच राहिले आहे. कुमुदिनी रडली नाही, चिडली नाही. वैराला घाई नसते. शनीला कुठे असते?

आणि मग ती संध्याकाळ आली.

सूर्य नुकता गेला होता. आकाशात निळ्याचा अजून शेवटचा ओलावा होता. टिटवी गप्प होती, गवत गप्प होते, पाण्यावर सुरकुती नव्हती. कुमुदिनीने दुर्बीण वळवली, संगणकाच्या पडद्यावर शनी आला, थरथरला, हेलकावला. तिने चित्र रेखीव करणारी चकती एका केसाएवढी फिरवली. पुन्हा एका केसाएवढी. आणि तिच्या तोंडून आपोआप ते शब्द निघाले, जे ती आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत, भेदरलेल्या माणसांना, काचेआडून सांगत आली होती.

“श्वास घ्या. रोखा. हलू नका.”

आणि हवेने ऐकले.

दरीने श्वास रोखला. डोंगरांनी रोखला. पाण्याने, गवताने, वृंदाने रोखला. पडद्यावरचा शनी थांबला. थरथर गळून पडली, फेस ओसरला, आणि सोन्याच्या मण्याभोवती कडे उभे राहिले. निखळ, नितळ, निश्चल. आणि त्या कड्याच्या अंगात, काळी, केसाएवढी, अखंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फट.

वृंदाने तोंडाला पदर लावला.

कुमुदिनी चौकटीमागून चौकट घेत राहिली. शनी सरकला, तिने परत आणला. सरकला, परत आणला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि तिचा हात हलत नव्हता. आरसा निर्दोष होता. अच्युत निर्दोष होता. ताम्हण नव्हते ते. कधीच नव्हते.

*

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरले. चित्रांवर नावे नव्हती. निवड झाल्यावर सांगायची, अशी रीत होती. राजोपाध्ये आता थकले होते. केस पांढरे, हातात काठी. पण आवाज तोच, गोड, घोळवलेला.

ते एकेका चित्रापुढून सरकत गेले. आणि एका चित्रापुढे थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फार वेळ थांबले.

मग माइकपाशी आले. “मंडळी, इतकी वर्षं ही चित्रं बघतोय. पण हा शनी... कड्यातली फट बघा, किती स्वच्छ. हे साध्या दुर्बिणीचं काम नव्हे. परदेशी असणार, उत्तम असणार. अशा आरशापुढे मी हात जोडतो.” आणि त्यांनी खरोखरच, काठी काखेत धरून, हात जोडले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. “कुणाचं आहे हे?”

मागच्या रांगेतून कुमुदिनी उठली. तिच्या शेजारी वृंदा उठली. दोघी मधल्या वाटेने चालत पुढे आल्या. टाळ्या हळूहळू विरळ झाल्या, मग थांबल्या. जुन्या माणसांनी त्यांना ओळखले होते.

“चित्र मी काढलंय,” कुमुदिनी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “आरसा अच्युतचा आहे. तोच. ज्याला तुम्ही भर मेळाव्यात माइकवरून ताम्हण म्हणालात.”

जोडलेले हात सुटले नाहीत. ते तसेच हवेत राहिले, कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

“कुमुदताई,” राजोपाध्ये माइकपासून बाजूला होत हलक्या आवाजात म्हणाले, “आपण आत बसून बोलू.”

“आत नाही. इथं. त्यानं थांब म्हटलं होतं का नाही, एवढंच सांगा.”

सभागृहात पंख्याचा आवाज होता. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. राजोपाध्यांनी समोरच्या माणसांकडे पाहिले, इतकी वर्षे जिंकलेल्या माणसांकडे, मग भिंतीवरच्या शनीकडे, मग वृंदाकडे. वृंदाकडे मात्र त्यांना फार वेळ पाहता आले नाही.

“म्हटलं होतं,” ते म्हणाले. माइक जवळच होता. साऱ्यांना ऐकू गेले. “आरसा तापलाय, हे मला माहीत होतं. आणि... मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात तुमच्या गच्चीवर मी त्यातून शनी पाहिला होता. अच्युतनं हौसेनं बोलावून दाखवला. माझ्या दुर्बिणीतून तसा शनी कधी दिसला नव्हता. कधीच नाही.” त्यांनी काखेतली काठी जमिनीवर टेकली. “मला ते सहन झालं नाही.”

हे कुमुदिनीला ठाऊक नव्हते. वैराच्या एवढ्या वर्षांत तिने या माणसाला गर्विष्ठ मानले होते, निर्दय मानले होते. तो पहिल्यापासून हरलेला होता, हे तिला आज कळले. आणि त्या हरलेल्या माणसाच्या एका वाक्याखाली तिचा भाऊ मेला होता. तिला दया आली नाही. तिने दयेची थोडी वाट पाहिली, खरोखर पाहिली. ती आली नाही.

राजोपाध्ये वाकले. म्हातारे शरीर काठीवर थरथरत, हळूहळू, तिच्या पायांच्या दिशेने. “क्षमा करा, ताई.”

कुमुदिनी एक पाऊल मागे सरली.

“ती अच्युतकडे मागायची होती,” ती म्हणाली. “त्यानं दिलीही असती, लगेच. आता तो नाही. तेव्हा ती तशीच राहू द्या तुमच्याकडे. न मिळालेली.”

तिने भिंतीवरून चित्र काढले, पदराआड घेतले, आणि वृंदाचा हात धरून ती बाहेर पडली. मागे कुणी हसले नाही.

*

कृष्णेच्या पुलावर दोघी थांबल्या. दिवेलागण झाली होती. घाटावरच्या देवळातून झांज ऐकू येत होती, आणि पाण्यावर कुणी सोडलेली द्रोणातली पणती अडखळत, वळत, वळत, खाली चालली होती.

“बरं वाटलं, वन्सं?” वृंदाने विचारले.

कुमुदिनीने विचार केला. “बरं नाही,” ती म्हणाली. “बरोबर वाटलं.”

वृंदाने चित्र आपल्या हातात घेतले आणि छातीशी धरले.

पलीकडे, काळ्या होत चाललेल्या डोंगरावर, वणवा लागला होता. सुकल्या गवताला कुणी काडी लावली असेल, किंवा उन्हानेच लावली असेल; आगीची एक बारीक, सोनेरी, वेटोळी रेघ डोंगराच्या माथ्याभोवती पेटली होती. ती भडकत नव्हती, धावत नव्हती. ती नुसती उतरत होती. गवताच्या पात्यामागून पाते खात, दगडामागून दगड ओलांडत, आपल्यामागे काळाभोर, गप्प उतार ठेवत. दोघी कठड्याला टेकून पाहत राहिल्या. आणि आग उतरत राहिली, सावकाश, सावकाश, पाण्याच्या दिशेने. मोठ्या उजेडाने नव्हे, मोठ्या आवाजाने नव्हे. जळण्यासारखे जोवर काही उरले होते, तोवर.